वर एक मूठ

वाण्याने मसूर तोलली, काटा मधोमध येऊन थांबला, आणि मग त्याने पोत्यात हात घालून आणखी एक मूठ पारड्यात टाकली. पारडं खाली गेलं आणि तिथेच राहिलं. तिने पारड्याकडे बघितलं, मग वाण्याकडे. वाणी दुसरीकडेच बघत होता. दुसऱ्या कोणाच्या बाबतीत ह्यात बघण्यासारखं काही नव्हतं. ह्या दुकानात प्रत्येक गिऱ्हाइकाला तोलून झाल्यावर एक मूठ वर मिळायची. मूठ गच्च की सैल, एवढाच काय तो फरक, आणि त्यावरून वाण्याचं सध्या कोणाशी कितपत जमतंय ते अख्ख्या गल्लीला कळायचं. फक्त तिला मिळत नसे. लग्न होऊन ह्या गल्लीत आल्यापासून तिला एक दाणा कधी वर मिळाला नव्हता, आणि खरं सांगायचं तर एक दाणा कमीही मिळाला नव्हता. तिने पिशवी पुढे केली. मसूर आत पडली. एका मुठीने असं कितीसं ओझं वाढणार, पण हाताला ते लागलं. ती जायला वळली तेव्हा वाणी म्हणाला, "जपून जा, वहिनी." रस्ता कोरडा होता, उजेड होता, आणि वाणी जन्मात असं कधी म्हणाला नव्हता.

तिचा नवरा नोकरीत होता तेव्हा दुकानदारांची वजनं आणि तराजू तपासायचा. गल्लीत त्याला काटेसाहेब म्हणत, त्याच्या माघारी नुसतं काटा. आतून मखमल लावलेली एक लाकडी पेटी घेऊन तो दुकानात शिरायचा, पेटीतली पितळेची वजनं चिमट्याने उचलून पारड्यात ठेवायचा आणि श्वास रोखून काट्याकडे बघत राहायचा. तळ पोखरून आत लाख भरलेली वजनं त्याने पकडली होती, पारड्याखाली चिकटवलेलं चुंबक पकडलं होतं, आणि तेलवाल्याचं पोचे पाडून लहान केलेलं माप भर रस्त्यात सगळ्यांसमोर पाण्याने भरून दाखवलं होतं. अशा माणसाने राहत्या गल्लीतून किराणा कसा आणायचा? लग्नानंतर पहिल्याच आठवड्यात तो तिला प्रत्येक दुकानात घेऊन गेला होता. तिला वाटलं होतं, ओळख करून द्यायला नेतोय. नवी साडी नेसून ती शेजारी उभी, आणि हा दुकानदाराला सांगत होता, की ही माझी बायको, हिला एक दाणा कमी दिलात तर ती चोरी समजेन आणि एक दाणा जास्त दिलात तर लाच समजेन. हसत सांगितलं असतं तर गोष्ट वेगळी. तो हसला नव्हता. तेव्हापासून ती पायरीवर दिसली की दुकानदारांचे हात बदलायचे. भाजीवाली लिंबू हातात घ्यायची आणि पुन्हा ढिगात ठेवायची. पाववाला शेजारणीच्या पिशवीत गरम पाव वर टाकायचा, मग तिच्याकडे वळून मोजून द्यायचा, जसं औषध देतात. ती कधी कोणाची वहिनी झाली नाही, मावशी झाली नाही. नवऱ्याला हे कळायचं नाही असं नाही. घरी आल्यावर तो पिशवी हाताने उचलून बघायचा, मान डोलवायचा आणि म्हणायचा, बरोब्बर. त्या एका शब्दावर तिने संसार केला. दुसऱ्या बायकांना नवरे दागिने करायचे, हिला बरोब्बर.

म्हणून ती मूठ. आधी तिला वाटलं, वाण्याचं लक्ष नसेल, सवयीने टाकली असेल. पण भाजीवालीने बटाटे तोलले, आणि मग त्यातला एक नासका स्वतःच काढून टाकून त्याच्या जागी दोन चांगले घातले, वर लिंबू. लिंबू देताना भाजीवालीची बोटं हिच्या मनगटाला लागली आणि तिथेच जरा थांबली. पाववाल्याने खालच्या फळीवरचा कालचा पाव उचलला होता, तो परत ठेवून आतून ताजा आणला. हे सगळं एकाच सकाळी. रस्ता तोच होता, तीच दुकानं, तीच उघड्या गटारावरची फरशी जी ओलांडताना पाऊल जरा लांब टाकावं लागतं. आणि तिला मात्र वाटायला लागलं, की सगळे तिच्याकडे कोपऱ्यातून बघताहेत आणि ती जवळ आली की हातातल्या कामाकडे बघायला लागताहेत. घराच्या जिन्यात दुसऱ्या वळणावर ती थांबली. पिशवी खाली ठेवली. लिंबू बाहेर काढून हातात घेतलं, त्याचा वास घेतला. आणि तेव्हा तिला कळलं. एखादी गोष्ट आपल्याला आधीपासून ठाऊक असावी आणि कोणीतरी नुसती आठवण करून द्यावी तसं कळलं. ही माणसं इतकी वर्षं नवऱ्याला घाबरून होती. त्याने परवानगी दिल्याशिवाय एक लिंबू कोणी दिलं नसतं. म्हणजे त्याने परवानगी दिली. म्हणजे तो दुकानादुकानातून गेला आणि त्याने काहीतरी सांगितलं. आणि माणूस मरायला टेकल्याखेरीज काटेसाहेब झुकतं माप देऊ देईल, हे शक्य नव्हतं.

पोटात जळजळ होते म्हणून तीच डॉक्टरांकडे गेली होती. नवरा सोबत होता. डॉक्टर तरुण होता, उत्साही होता. म्हणाला, दोघंही आलाच आहात तर दोघांच्याही तपासण्या करून टाकू, वयाने काही लहान नाही आहात. नवरा म्हणाला, मला काय धाड भरलीये; पण त्यानेही बाही वर केली. मग नळ्या, यंत्रं, त्या थंडगार खोलीत पाठीला चिकटणारा गाऊन. अहवाल आणायला तो एकटा गेला होता. परत आला तेव्हा ती स्वयंपाकघरात शेंगा मोडत बसली होती. दारात उभा राहून तो म्हणाला, "सगळं ठीक आहे. काळजीचं कारण नाही. गोळ्या दिल्यात." आणि लगेच आत जाऊन हात धुतले, बराच वेळ धुतले. पाण्याचा आवाज येत राहिला. आता जिन्यात उभं राहून तिला तो पाण्याचा आवाज पुन्हा ऐकू आला. ज्या माणसाने आयुष्यात कोणाला पाव तोळ्याची सूट दिली नाही तो तिच्या तोंडावर खोटं बोलला होता, आणि खोटं बोलायची सवय नसल्यामुळे हात धूत बसला होता.

त्यानंतरचे दिवस ती मरत होती. कोणाला दिसत नव्हतं, पण ती ते नीट, मन लावून करत होती. सकाळी डोळे उघडले की आधी पोटावर हात ठेवायची आणि आत काय चाललंय ते ऐकायची. गोळ्यांनी जळजळ थांबली होती. ह्याचा अर्थ तिने असा लावला, की आतलं आता दुखण्याच्याही पलीकडे गेलंय. जेवण उतरेना. ब्लाऊज सैल झाले तेव्हा आरशासमोर उभं राहून तिने दोन्ही खांद्यांवरचं कापड चिमटीत धरलं आणि स्वतःला म्हणाली, बघ. तिला आई आठवली, आईचं शेवटी उरलेलं एवढंसं तोंड. लहानपणी आपण आजारी पडलो की घरात सगळे किती हळू बोलायचे ते आठवलं आणि ते किती छान वाटायचं तेही. मध्येच लेकीचा फोन आला. लेक दूरच्या गावी नोकरीला होती, सगळ्यात आधी विचारायची ते बाबा कसे आहेत म्हणून. पहिल्यापासून बापाची मुलगी. त्या दिवशी हे तिच्या जिव्हारी लागलं. बाबांना काय झालंय, ठणठणीत आहेत, ती म्हणाली. आणि मी कशी आहे हे तुला विचारावंसं वाटत नाही, हे म्हणायचं तिने गिळलं. मी गेल्यावर विचारशील, असं मात्र मनात म्हणाली आणि त्याचं तिला बरं वाटलं. अशा बारीकसारीक गोष्टींचं बरं वाटायला लागलं होतं.

नवऱ्याचा तिला राग यायचा. कोणाकोणाला सांगितलं ह्याने! ज्या वाण्याशी आयुष्यात दोन शब्द नीट बोलला नाही त्याला सांगितलं, भाजीवालीला सांगितलं, पाववाल्याला, तेलवाल्यालासुद्धा, ज्याचं माप ह्यानेच रस्त्यात भरून दाखवलं होतं. सगळ्या गल्लीला ठाऊक, आणि जिचं मरण तिला नाही. दुकानांत जाणं तिला नकोसं झालं आणि तरी ती रोज जात होती, कारण तो हल्ली जात नव्हता. गुडघा धरतो म्हणायचा. निवृत्त झाल्यापासून आठवड्याचा किराणा तोच आणायचा. आता दुपारभर कुशीवर पडून असायचा, चेहरा भिंतीकडे. ती त्याच्या पाठीकडे बघायची. काळजीने झोप लागत नसणार ह्याला, म्हणून दुपारी पडतो, तिला वाटायचं. बिचारा, असंही वाटायचं, आणि दुसऱ्याच क्षणी, बिचारा कसला, पुढे मोकळाच होईल. कपडे वाळत घालताना, भांडी घासताना ती त्याच्याशी मनातल्या मनात भांडत असायची. प्रत्यक्षात बोलणं कमी होत गेलं. तो तिला मध्येच विचारायचा, जेवली का नीट, आणि ती म्हणायची, जेवले. तो ताटाकडे बघायचा. मग तोही अर्धं ताट तसंच सारायचा, आणि ती ते उचलून ठेवायची. हा माझ्यासाठी उपाशी राहतोय, हा विचार तिला इतका गोड वाटला, की तिने तो पुन्हा पुन्हा करून बघितला.

एकदा तिला वाटलं, सरळ विचारावं. तो खिडकीशी बसला होता, उन्हात पाय सोडून. पायांची बोटं पिवळी दिसत होती, उन्हामुळे असेल. ती समोर जाऊन उभी राहिली. म्हणाली, "मला काही सांगायचंय का तुम्हाला?" त्याने मान वर केली. त्याचे डोळे भरून आल्यासारखे झाले, किंवा तिला तसं वाटलं. मग तो म्हणाला, "तू आता जरा माणसांत मिसळत जा. त्या भाजीवालीशी वगैरे बोलत जा. बाई चांगली आहे." एवढंच. आयुष्यभर ज्याने तिला भाजीवालीशी हसूसुद्धा दिलं नाही तो हे सांगत होता. मरणाऱ्या बाईला म्हणे माणसांत मिसळ. ती आत निघून गेली आणि ओट्याला टेकून उभी राहिली. गॅसवर पाणी उकळत होतं, ते आटेपर्यंत उकळत राहिलं.

वाण्याला विचारायचं तिने ठरवलं असं नाही. दुपारची वेळ होती, गल्ली पेंगुळली होती, तिला साखर हवी होती. दुकानात दुसरं कोणी नव्हतं. पोत्यांचा तो कोंदट, धुळकट वास, ज्यात साबण आणि मिरची आणि रॉकेल ह्यांची सरमिसळ झालेली असते. वाण्याने साखर तोलली. काटा स्थिरावला. त्याचा हात पोत्याकडे गेला आणि तिने पारड्यावर आपला हात आडवा धरला.

"नको," ती म्हणाली. "आधी सांगा, का घालता ते."

"सगळ्यांनाच घालतो की, वहिनी."

"मला नाही घालत तुम्ही. कधी घातलं नाहीत. ह्यांनी काय सांगितलंय तुम्हाला माझ्याबद्दल? मला कळलंय सगळं. तुम्ही फक्त तोंडाने सांगा."

वाण्याची मूठ हवेत राहिली होती, तिच्यातून साखर थोडी थोडी गळत होती. तुमच्याबद्दल, असं त्याने दोनदा म्हटलं. मग त्याच्या चेहऱ्यावर काहीतरी उमटलं, आणि तिला वाटलं, आता हा सांगणार. तिने फळीची कड घट्ट धरली. वाणी मूठ पोत्यावर सोडून हात झटकत बाहेर आला. साहेब इथे बसले होते, तो म्हणाला, ह्या तांदळाच्या पोत्यावर. इतकी वर्षं दुकानात येतात पण कधी टेकले नाहीत, त्या दिवशी आले ते बसलेच, धाप लागली होती, पाणी मागितलं. मला वाटलं, काही तपासायला आले असतील. आणि मग तो थांबला, कारण पुढचं तिला ठाऊक असेल असं तो धरून चालला होता आणि ते ठाऊक नाही हे त्याला तिच्या तोंडावर आता दिसलं.

"बोला," ती म्हणाली.

"म्हणाले, माझं आता आटपलं. यकृतात आहे, पसरलंय, काही करण्यासारखं नाही. माझ्यामागे ती एकटी येईल, तेव्हा तिला सगळ्यांसारखं देत जा. आजपासूनच द्या म्हणजे तुम्हालाही सवय होईल आणि तिलाही. माझ्यापायी तिला कोणी चार शब्द जास्तीचे दिले नाहीत." वाण्याने पंच्याने तोंड पुसलं. "मी विचारलं, वहिनींना सांगितलंत का. तर म्हणाले, तिचे रिपोर्ट चांगले आलेत, आत्ता कुठे तिचा जीव भांड्यात पडलाय. राहू दे तिला चार दिवस तशी."

तिने साखर घेतली. वाणी काहीतरी बोलत होता, बसता का, पाणी देऊ का, आणि तिने मानेनेच नको म्हटलं. मग ती रस्त्यावर आली. आणि जे पहिलं आलं, सगळ्याच्या आधी, नवऱ्याचा चेहरा डोळ्यांसमोर यायच्याही आधी, ते हे होतं: आपण नाही. मी नाही. ऊन अंगावर पडलं आणि ते ऊन आहे हे तिला कळलं. गुडघ्यांतून, पाठीतून, मानेतून काहीतरी सुटत गेलं, जसं फार घट्ट बांधलेलं गाठोडं सुटतं. तिने श्वास घेतला आणि तो खोल पोटापर्यंत गेला, त्या पोटात काही नव्हतं, नुसतं पोट होतं. गटारावरची फरशी तिने तरुण मुलीसारखी ओलांडली. मग ती थांबली आणि तिने स्वतःला सांगितलं, तो जाणार आहे. कळतंय का तुला, तो जाणार आहे. कळत होतं. शब्द न शब्द कळत होता. पिवळी बोटं, भिंतीकडे वळलेली पाठ, अर्धं ठेवलेलं ताट, सगळं एकापुढे एक येऊन उभं राहत होतं आणि ती त्याच्याकडे बघत होती, आणि आत कुठेतरी मी नाही, मी नाही, असा एक नाद चालूच होता, तो काही केल्या थांबेना. तिने रडू आणायचा प्रयत्न केला. भाजीवालीच्या पुढच्या बोळात, भिंतीकडे तोंड करून, पदर तोंडात धरून तिने खरोखर प्रयत्न केला. मग तिला ती शेंगांची दुपार आठवली. सगळं ठीक आहे, असं तो दारातून म्हणाला होता आणि तिने सुस्कारा टाकून पुढची शेंग उचलली होती. आणि तुमचं, असं तिने विचारलं नव्हतं. दोघांच्या तपासण्या झाल्या होत्या, दोघांचे कागद त्याच्या हातात होते, आणि त्याने हात धुवेपर्यंत, नंतर जेवताना, नंतर इतके दिवस, तिने विचारलंच नव्हतं. विचारलं असतं तर तो खोटं बोलू शकला नसता. त्याला ते जमत नसे. तो वाट बघत होता की काय, हात धूत, की ही विचारेल? रडू तरीही आलं नाही. आली ती भूक. इतक्या दिवसांची, सगळी एकदम, पोटाला पीळ पाडणारी. तोंडाला पाणी सुटलं आणि त्या पाण्याची तिला अशी किळस आली, की ती थुंकली.

दार त्यानेच उघडलं. उघडायला वेळ लागला, आतून पाय ओढत येण्याचा आवाज आधी आला. ती जिन्यात मनाशी वाक्यं जुळवत आली होती. मला कळलंय म्हणायचं होतं. मला का नाही सांगितलंत म्हणायचं होतं, आणि मी का नाही विचारलं, हेही. तो चौकटीला धरून उभा होता. किती बारीक झाला होता. हे रोज डोळ्यांसमोर होतं आणि ती रोज आरशात बघत होती. त्याने तिच्या तोंडाकडे बघितलं, नीट निरखून बघितलं, आयुष्यभर काट्याकडे बघत आला तसंच, आणि त्याच्या सगळ्या चेहऱ्यावर हळूहळू हसू पसरलं.

"चेहरा बघ कसा खुललाय आज," तो म्हणाला. "इतके दिवस मला घोर लागला होता. म्हटलं, हिला काही कळलं की काय."

तिने तोंड उघडलं. वाक्यं सगळी होती, जुळवलेली होती. त्यांतलं एकही आलं नाही.

"भूक लागलीये," ती म्हणाली.

त्याला झालेला आनंद बघवत नव्हता. तिच्या हातातली पिशवी घेऊन तो स्वयंपाकघरात गेला, भिंतीला धरत धरत. तिला बसवलं आणि उठू देईना. भाताचं पातेलं त्याला दोन्ही हातांनी उचलावं लागलं, आमटी वाढताना थोडी ताटाबाहेर सांडली, ती त्याने बोटाने पुसून घेतली. मग समोरची खुर्ची ओढून तो बसला, हनुवटी तळहातावर टेकवून, पोर पहिल्यांदा स्वतःच्या हाताने जेवायला लागल्यावर बघतात तसा बघत. "सावकाश," तो म्हणाला. ती जेवत होती. प्रत्येक घासाला चव होती, मीठ जिथल्या तिथे होतं. ताट रिकामं झालं तेव्हा त्याने काही न विचारता पुन्हा भात वाढला, आणि तिने तोही खाल्ला.